साडेतीनला जागी झालेली गाडी

काटेमास्तर हे नाव त्यांना कारखान्यात पडलं. चौतीस वर्षं ते बॉयलरवर होते, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांची नजर प्रेशरच्या काट्यावरून ढळलेली कुणी पाहिली नाही. दर दोन तासांनी फेरी मारायची, काटा बघायचा, पाण्याची पातळी बघायची, रजिस्टरमध्ये आकडे लिहायचे आणि खाली सही ठोकायची. निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांना भिंतीवरचं मोठं घड्याळ भेट दिलं. आगीत तेल ओतणं म्हणतात ते हेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि इथे तर खोडीला वर घड्याळही मिळालं होतं. घरातच फेऱ्या सुरू झाल्या. शेगडीचा कॉक, पाण्याचा पंप, मागच्या दाराची कडी, सगळं दर दोन तासांनी. बायको म्हणायची, आता माझं ब्लडप्रेशर तेवढं लिहायचं राहिलंय, तेही एकदा रजिस्टरात घ्या.

बायको नर्स होती. दवाखान्यातली नव्हे, घरोघर जाणारी. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, नळ्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची. तिच्याकडे अकरा घरं होती आणि ती शहराच्या चार टोकांना पसरलेली होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून शेजारीपाजारीही सिस्टरच म्हणू लागले. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, पण सकाळी बॅग उचलून गाडीत बसली की बाई दहा वर्षांनी लहान दिसायची. मास्तरांना हे दिसत होतं. त्यांनी ते तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण गाडी मात्र चकचकीत ठेवली होती. ‘रस्ता तू बघ, गाडी मी बघतो,’ असा दोघांत अलिखित करार होता.

त्या गाडीत एका मंगळवारी दिवा लागला. स्टिअरिंगच्या मागे, इंजिनाच्या चित्राचा, पिवळा. गाडी नीट चालत होती, आवाज नव्हता, धूर नव्हता. दुसऱ्या कुणी त्यावर काळी चिकटपट्टी लावून महिना काढला असता. पण बॉयलरवर दिवा लागला की माणूस जेवणाचा घास टाकून धावतो, ही मास्तरांची जन्माची सवय. त्याच दुपारी गाडी गॅरेजमध्ये उभी होती.

गॅरेजमध्ये विजेचं काम बघणारी एक तिशीची मुलगी होती. तिला सगळे वायरवाली म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता. तिने स्टिअरिंगखाली यंत्राची वायर जोडली आणि सांगितलं, की इंजिन ठणठणीत आहे. पेट्रोलच्या टाकीत जी वाफ होते, ती बाहेर न जाऊ देण्यासाठी नळ्या आणि झडपा असतात. त्यातली एक झडप पुरती मिटत नाहीये. तिने झडप बदलली, गाडीच्या मेंदूतली जुनी नोंद पुसली, आणि दिवा गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गाडीची सरकारी तपासणी तोंडावर आली होती. तपासणी केंद्रातल्या कारकुनानेही आपली वायर जोडली, पडद्याकडे पाहिलं आणि गाडी परत पाठवली. दिवा नाही हे खरं, तो म्हणाला, पण नोंद पुसल्यावर गाडीने स्वतःची वाफेची चाचणी अजून केलेलीच नाही. ती झाल्याशिवाय शिक्का मिळणार नाही. चार दिवस गाडी वापरा, आपोआप होईल. चार दिवसांनी गेले तर तेच उत्तर. आणखी पाच दिवसांनी गेले, पुन्हा तेच. कारकून चांगला माणूस होता, पण पडद्यापुढे त्याचंही चालत नव्हतं.

आता मुदत उरली होती शुक्रवारच्या दुपारपर्यंत. सिस्टरच्या ऑफिसने स्वच्छ कळवलं होतं, की प्रमाणपत्र नसलेली गाडी कामावर चालणार नाही. अकरा घरं दुसऱ्या नर्सला दिली जातील आणि सिस्टर ऑफिसात टेबलावर बसेल, फोन घेईल. एकदा वाटून दिलेली घरं परत मिळत नसतात, हे तिलाही माहीत होतं. त्या अकरांत एक म्हातारे चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांना अर्धांगवायू झाला होता आणि ते सिस्टर सोडून कुणाच्या हातून पट्टी बदलू देत नसत. मंगळवारी रात्री जेवताना ती म्हणाली, की त्यांना आधीच सांगायला हवं, एकदम दुसरं कुणी दारात उभं राहिलं तर घाबरतील. एवढं बोलून ती ताट उचलून आत गेली. मास्तर अर्ध्या जेवणावरून उठले. गाडी मी बघतो असं त्यांनीच म्हटलं होतं ना.

बुधवारी सकाळी सिस्टर कामाला निघायच्या आत ते गाडी घेऊन गॅरेजमध्ये हजर झाले. सोबत रजिस्टर होतं. त्यांना वायरवालीला दाखवायचं होतं, की आपल्याकडून काडीचाही हलगर्जीपणा झालेला नाही. दिवा गेला त्या दिवसापासून त्यांनी गाडीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. तीन आठवड्यांचा पक्का हिशेब होता. सकाळी सहा, किल्ली फिरवली, दिवा नाही. आठ, गाडी कामावर. दुपारी दोन, दिवा नाही. चार, दिवा नाही. रात्री दहा, बारा, दोन, चार, दिवा नाही, दिवा नाही. प्रत्येक ओळीखाली सही.

वायरवालीने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग तिने हातातला पाना खाली ठेवला.

“काका, रात्री दोनलासुद्धा किल्ली फिरवता?”

“दर दोन तासांनी. एकही फेरी चुकलेली नाही.”

ती हसेल असं तिच्या मदतनिसाला वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिने स्टूल ओढून मास्तरांना बसवलं आणि स्वतः टायरवर बसली.

तिने जे सांगितलं ते असं. गाडी बंद करून माणूस निघून जातो, पण गाडीचा मेंदू पुरता झोपत नाही. किल्ली काढल्या क्षणापासून तो तास मोजायला लागतो. पाच तास झाले, इंजिन निवलं, टाकीतलं पेट्रोल शांत झालं, की तो आपणहून जागा होतो. तेव्हा जवळपास कुणी नसतं. टाकीची सगळी तोंडं तो मिटून घेतो, एक छोटा पंप चालवून आतली हवा ओढतो, आणि तो ताण टिकतो का ते बघत राहतो. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी त्याला कळतं. चाचणी झाली की पंप बंद करून पुन्हा निजतो. पाच तासांनी इंजिन अजून कोमट वाटलं तर सातव्या तासाला बघतो, तेव्हाही नाही जमलं तर साडेनऊ तासांनी. पण मध्येच कुणी किल्ली फिरवली, की झालं. मोजलेले तास पुसले जातात आणि पुन्हा एकपासून.

“म्हणजे तुम्ही तिला तीन आठवडे पाच तास सलग एकटं सोडलेलंच नाही,” ती हळूच म्हणाली.

मास्तर रजिस्टरकडे बघत राहिले. अति तेथे माती ही म्हण त्यांनी इतरांना शेकडो वेळा ऐकवली होती. आता आपल्याच सहीनिशी ती समोर पडलेली बघून त्यांच्या कानशिलांना घाम फुटला. घोडं कुठे पेंड खात होतं ते सापडलं होतं, आणि ते घोडं म्हणजे ते स्वतः होते. पण त्याहून त्यांना वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवलं होतं. तिने हवा ओढणं, ताण, टिकतो का बघणं हे जे सांगितलं, ते त्यांना नवीन नव्हतं. बॉयलरची वर्षातून एकदा तशीच चाचणी व्हायची. तोंडं बंद करायची, पाणी भरायचं, प्रेशर चढवायचं आणि अर्धा तास काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा सुईभरही उतरता कामा नये. त्याला सरकारी इन्स्पेक्टर लागायचा, मॅनेजर लागायचा, दोन फिटर लागायचे आणि मास्तर तर लागायचेच. कुणी मोठ्याने शिंकतही नसे. तीच चाचणी ही नऊ वर्षांची गाडी एकटी घेते, अंधाऱ्या शेडमध्ये, साक्षीला कुणी नसताना? त्यांनी तिला हे तीन वेळा विचारलं. तिने तिन्ही वेळा हो म्हटलं.

रात्रीवर भिस्त ठेवू नका, असं तिने बजावलं. सध्या पहाटे गारठा पडतो, टाकी फार गार झाली तरी चाचणी होत नाही. दिवसाच करा. सकाळी अर्धा तास गाडी फिरवून आणा, बंद करा, आणि मग तिच्याकडे फिरकू नका. आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका, निम्मी ठेवा. मास्तर टाकी नेहमी गळ्यापर्यंतच भरत. सिस्टरच्या फेरीने तेवढी ती सुदैवाने रिकामी झाली होती.

गुरुवारी सकाळी दोघं गाडी घेऊन बाहेरच्या रस्त्याला अर्धा तास फिरून आली. साडेआठला मास्तरांनी गाडी शेडमध्ये लावली आणि किल्ली काढली. सिस्टरला न्यायला तिची मैत्रीण स्कूटर घेऊन आली होती. मैत्रिणीच्या मागे बॅग पोटाशी धरून बसताना सिस्टरने विचारलं, की दिवसभर राहाल का नीट? मास्तर म्हणाले, न राहायला काय झालंय. किल्ल्या दोन होत्या. एक तिने मागितली नव्हती तरी त्यांनी तिच्या बॅगेत टाकली, आणि दुसरी शेजारच्या शिंपीकाकूंकडे ठेवायला दिली. मी मागितली तरी देऊ नका, असं त्यांना बजावलं. शिंपीकाकूंनी किल्ली सुयांच्या डब्यात टाकली आणि एकही प्रश्न विचारला नाही. मास्तरांच्या शेजारी राहून त्यांना प्रश्न न विचारायची सवय झाली होती.

दहा वाजता त्यांचे पाय आपसूक शेडकडे वळले. ते परत आणले. बारा वाजता पुन्हा वळले, तेव्हा त्यांनी स्वतःला कांदे चिरायला बसवलं. साडेबाराला मात्र त्यांनी मनाशी वाद घातला आणि जिंकला. हात लावायचा नाही असं ठरलंय, ऐकायचं नाही असं कुठे ठरलंय? लाकडी स्टूल घेऊन ते शेडच्या कडेच्या दाराने आत गेले, आणि गाडीच्या मागच्या चाकाशी, टाकीच्या बाजूला, अंग चोरून बसले. मोबाइल बंद केला.

शेड म्हणजे तीन भिंती आणि पुढे पत्र्याचं शटर. शटरवर ऊन पडलं होतं आणि आत कोंदट ऊब भरली होती. इंजिनाकडून मधूनच टक असा आवाज येई, लोखंड निवताना येतो तसा. मग तोही थांबला. मनगटावरच्या घड्याळात एक वाजून वीस. एक पंचवीस. साडेएकला त्यांनी श्वास रोखला.

काही झालं नाही.

एक पस्तीस, एक चाळीस, पावणेदोन. काही नाही. उन्हाने इंजिन निवलं नसेल, मास्तर मनाशी म्हणाले. तिने सातव्या तासाचं सांगितलंय. पण झडपच पुन्हा बिघडली असेल तर? मेंदूच बंद पडला असेल तर? एकदा किल्ली फिरवली असती तर निदान दिवा तरी दिसला असता. हात खिशाकडे गेला आणि खिसा रिकामा लागला, तेव्हा शिंपीकाकूंचे त्यांनी मनोमन आभार मानले. ते बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते एका यंत्राजवळ काहीही न करता बसले होते. बघायला काटा नव्हता, लिहायला आकडा नव्हता. अडीचच्या सुमारास त्यांना चित्रकलेच्या शिक्षकांची आठवण झाली. आज कदाचित सिस्टर त्यांना सांगत असेल, की परवापासून दुसरी येईल. त्यांना रडू यायला लागलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, कारण बघायला कुणी नव्हतं.

साडेतीनला दोन मिनिटं असताना बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. सिस्टर आज लवकर परतली होती. तिने घरात हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि ती कडेच्या दाराने शेडमध्ये आली. नवरा अंधारात स्टुलावर, घामेजलेला, डोळे लाल. ती काही विचारत बसली नाही. खाली वाकून तिने त्यांचं मनगट धरलं आणि नाडी मोजायला लागली. मास्तरांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

तेवढ्यात गाडीच्या पोटात कुठेतरी खट झालं.

मग एक बारीक गुणगुण सुरू झाली. इंजिन बंद, किल्ल्या दोन्ही लांब, दारं लावलेली, आत एकही दिवा नाही. आणि मागच्या सीटच्या खालून, टाकीजवळून, एक संथ, एकसुरी आवाज येत होता. सिस्टरने मनगट सोडलं नाही, पण तिचं मोजणं सुटलं. ती गाडीच्या काचेतून आत बघायला लागली.

“आत कोण आहे?” तिने कुजबुजत विचारलं.

“कुणी नाही,” मास्तर म्हणाले.

आवाज थोडा बदलला, जड झाला. मास्तरांना कळलं, की तोंडं मिटली. आता ताण चढतोय. चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांचे डोळे काटा शोधू लागले आणि काटा कुठेच नव्हता. तो आत होता, गाडीच्या स्वतःच्या डोळ्यासमोर. कुणी शाबासकी देणार नव्हतं, कुणी ओरडणार नव्हतं. ती आपलं काम पुरं करत होती, घाई न करता, एकही पायरी न गाळता. इतकी वर्षं ही दर रात्री अशी जागी होत असेल, आपण वर गाढ झोपलेले असताना, आणि आपल्याला पत्ता नाही. मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं काही आपण पाहिलेलं नाही असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच तसं होतं. सिस्टर हळूच त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघ्यांची पर्वा न करता. ती जन्म आणि मरण दोन्ही शेकडो वेळा जवळून पाहिलेली बाई. तीसुद्धा तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली.

बारा-तेरा मिनिटांनी पुन्हा खट झालं. आत धरलेला ताण सुस्कारा टाकल्यासारखा सुटला, आणि शेड आधीसारखी शांत झाली.

“झाली का पास?” सिस्टरने विचारलं.

“तिचं तिला ठाऊक. आपल्याला उद्या कळेल.”

त्या रात्री मास्तर झोपले नाहीत, पण खालीही उतरले नाहीत. यंत्राकडे लक्ष देणारा माणूस हवा, नाहीतर यंत्र फुटतं, हे त्यांनी आयुष्यभर मानलं होतं आणि ते चूक नव्हतं. मग ही? बराच विचार केल्यावर त्यांना एक माणूस दिसू लागला. कुठल्यातरी कारखान्यात, कुठल्यातरी टेबलाशी बसलेला. त्याने कधीतरी विचार केला असेल, की लोक गाडी लावून घरी जातील आणि मग पाच तासांनी, कुणी नसताना, हिचं कोण बघेल? सुईच्या टोकाएवढ्या भोकाची त्याला काळजी वाटली असेल. त्या अनोळखी माणसाला एकदा भेटावं असं मास्तरांना इतकं तीव्रतेने वाटलं, की ते अंथरुणात उठून बसले.

शुक्रवारी तपासणी केंद्रात कारकुनाने वायर जोडली, पडद्याकडे पाहिलं, आणि अर्ध्या मिनिटात शिक्का मारला. सगळं झालेलं आहे, तो म्हणाला, आणि कागद खिडकीतून पुढे सरकवला. सिस्टरने तो दोन्ही हातांनी घेतला आणि घडी न घालता बॅगेत ठेवला. तिचा जीव भांड्यात पडला होता. पहिलं घर कुठलं घ्यायचं हे तिने बोलायलाही सुरुवात केली, अर्थातच चित्रकलेचे शिक्षक. मास्तर मात्र खिडकीशीच उभे होते. त्यांनी कारकुनाला विचारलं, की ती चाचणी करतानाचा आवाज तुम्ही कधी ऐकलाय का. रोज चाळीस गाड्या तपासणाऱ्या त्या माणसाने जरा विचार केला आणि नाही म्हटलं. आम्ही फक्त झाली की नाही एवढंच बघतो, तो म्हणाला.

गाडी लांब उभी होती, मोठ्या पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला. मध्ये गाड्यांच्या रांगाच रांगा होत्या. पांढऱ्या, लाल, चेपलेल्या, धुळीने माखलेल्या, सगळ्या बंद, मालक कामाला गेलेले. मास्तर त्या रांगांत शिरले आणि त्यांची चाल बदलली. टाचा न टेकवता, दोन गाड्यांच्या मधून, कुठेही अंग घासू न देता ते चालायला लागले. मागून सिस्टर बॅग सावरत भरभर येत होती.

“अहो, असे काय चालताय? पाय दुखतोय का?”

“हळू बोल गं,” मास्तर म्हणाले. “सगळ्या मोजतायत.”

सिस्टरने त्या शेकडो बंद गाड्यांकडे एकदा नजर फिरवली. मग तिने चपला काढून हातात घेतल्या, आणि दोघं आपल्या गाडीपर्यंत न बोलता गेली.